क्वार्टरबॅकसाठी अजून एक सीझन हरू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत आमच्या न्यू जर्सीतल्याच एका वाचकानं लिहिलं होतं की न्यूयॉर्क जेट्सनं २०२६ चा सीझनही सोडून द्यावा, उरलेसुरले चांगले प्लेयर विकून टाकावेत, तळाला जावं आणि २०२७ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या नंबरवर क्वार्टरबॅक उचलावा. पत्र मनापासून लिहिलेलं होतं, त्यातला वैताग अगदी माझाच आहे, पण त्यांचं म्हणणं मला अजिबात पटलेलं नाही, आणि इथे एडिसन-पार्सिपनीकडच्या प्रत्येक मराठी घरात जिथे पोरं जेट्सची हिरवी जर्सी घालून फिरतात तिथे रोज हाच वाद चालतो म्हणून जरा सविस्तर लिहितोय. लांबलं तर कापा, पण मुद्दा ठेवा.

आधी पुण्या-नाशिकच्या वाचकांसाठी दोन ओळी. हा अमेरिकन फुटबॉल, एनएफएल. ३२ टीम, प्रत्येकीच्या १७ मॅचेस, आणि दर एप्रिलला कॉलेजातून येणाऱ्या पोरांचा ड्राफ्ट. आपल्या आयपीएलसारखा लिलाव नसतो, ज्याच्या खिशात पैसा त्यानं बोली लावली असं नाही. जी टीम सगळ्यात वाईट खेळली ती पहिली निवडणार, सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकणारी सगळ्यात शेवटी. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तळाला गेलात तर खालच्या डिव्हिजनमध्ये ढकलतात, इथे उलट तळाला गेलात तर सगळ्यात भारी पोरगा मिळतो. हेतू चांगला आहे, दुबळ्याला हात द्यायचा. पण त्यातूनच टँकिंग आलं, म्हणजे मॅनेजमेंटनं ठरवून टीम इतकी पातळ करायची की ती हरणारच. आणि क्वार्टरबॅक हा असा एकच माणूस आहे की प्रत्येक चढाईत बॉल त्याच्या हातातून जातो, त्यामुळे ज्याच्याकडे तो नाही त्याला वाटतं की एकदा का तो मिळाला की सगळं मिटलं.

जेट्सला हे वाटणं मी समजू शकतो. एकमेव सुपर बोल जिंकला तो जानेवारी १९६९ मध्ये, जो नेमथ क्वार्टरबॅक असताना. २०१० च्या सीझननंतर प्लेऑफचं तोंड बघितलेलं नाही, आज संपूर्ण लीगमध्ये एवढा लांब दुष्काळ दुसऱ्या कोणाचा नाही. २०२५ ला तर सलग ७ हरून सुरुवात झाली, ३-१४ वर संपलं, म्हणजे ३ जिंकले, १४ हरले. क्वार्टरबॅक जस्टिन फिल्ड्सला दोन वर्षांचे ४ कोटी डॉलर देऊन आणला, त्याला बसवला, मग टायरॉड टेलर, मग ड्राफ्टमध्ये कोणीही न घेतलेला ब्रेडी कुक. आणि नोव्हेंबरात ट्रेडच्या शेवटच्या दिवशी डिफेन्सचे दोन खांब, सॉस गार्डनर कोल्ट्सला आणि क्विनन विल्यम्स काउबॉइजला, दोघंही एकाच दिवशी विकले. गार्डनरशी त्याच जुलैत १२ कोटी डॉलरच्या वरचा करार केला होता, चार महिन्यांत तो दुसऱ्या गावाला. त्या सीझनमध्ये जेट्सच्या डिफेन्सनं एकही इंटरसेप्शन घेतलं नाही, १७ मॅचमध्ये समोरच्याचा एक पास हवेत पकडला नाही, एनएफएलच्या इतिहासात असं आधी कोणाचं झालेलं नव्हतं. हे आकडे घेऊन कोणी म्हणालं की जळू दे सगळं, नव्यानं उभं करू, तर त्याला लगेच मूर्ख म्हणता येत नाही.

पण जेट्सनं हे करून झालंय हो. हेच मला त्या वाचकांना सांगायचंय.

२०२० आठवा. ०-१३. सगळा गाव म्हणत होता की १६ च्या १६ हरा (तेव्हा सीझनला १६च मॅच असायच्या), क्लेमसन कॉलेजचा क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्स आपला. २० डिसेंबरला लॉस एंजेलिसमध्ये रॅम्सशी मॅच होती, रॅम्स १७ पॉइंटनी जिंकणार असा बाजारभाव, आणि जेट्स २३-२० जिंकले. शेवटी ३७ वर्षांच्या फ्रँक गोरनं थर्ड डाउनला, म्हणजे चारातल्या तिसऱ्या प्रयत्नात, बॉल पकडला, फर्स्ट डाउन, म्हणजे नवे चार प्रयत्न, मिळवला, घड्याळ संपलं. पुढच्या आठवड्यात ब्राउन्सनाही हरवलं, २-१४ झाले, जॅक्सनव्हिल १-१५ होते, लॉरेन्स तिकडे गेला. त्या रविवारी इथल्या चाहत्यांनी जिंकल्याबद्दल टीमला शिव्या घातल्या, मी स्वतः ऐकल्यात, चांगले शिकलेसवरलेले लोक म्हणत होते की गोरला काय गरज होती तो बॉल पकडायची. मला ते तेव्हाही लागलं आणि आजही लागतं. तो माणूस करिअरच्या शेवटच्या वर्षात पडेल टीममधून खेळतोय, अंगावर दोन-दोन माणसं घेतोय, आणि आपण घरात सोफ्यावर बसून म्हणतोय की सोडायचा होता.

बरं, लॉरेन्स गेला तर दोन नंबरला झॅक विल्सन घेतला. त्याची पहिली मॅच कॅरोलिनाविरुद्ध, सप्टेंबर २०२१. सहा वेळा सॅक झाला, म्हणजे पास टाकायच्या आत बॉलसकट सहा वेळा जमिनीवर आपटला. त्याच मॅचमध्ये लेफ्ट टॅकल, म्हणजे लाइनमध्ये क्वार्टरबॅकची डावी बाजू सांभाळणारा, मेकाय बेक्टनचा गुडघा गेला आणि तो वर्षभरासाठी बाहेर. पुढच्याच मॅचला पेट्रियट्सविरुद्ध विल्सनची चार इंटरसेप्शन्स. पोरगा २२ वर्षांचा, कॉलेजात मोकळ्या वेळात आरामात पास टाकायची सवय, इथे बॉल हातात आल्याआल्या समोर सव्वाशे किलोची माणसं. मग तो घाबरून लवकर पळायला लागला, नंतर पळायची गरज नसतानाही पळायला लागला. तीन वर्षांत संपला, डेन्व्हरला देऊन टाकला. तो अफाट टॅलेंटेड होता असं मी म्हणत नाही, कदाचित कुठेही नसता चालला, पण आपण त्याला जिथे उभा केला तिथे लॉरेन्सही चालला असता याची खात्री कोणी द्यावी?

आणि त्या मॅचमध्ये समोर कॅरोलिनाचा क्वार्टरबॅक कोण होता तर सॅम डार्नल्ड. आपलाच, २०१८ चा तीन नंबरचा पिक, म्हणजे ड्राफ्टमधली निवड, ज्याला विकून विल्सनसाठी जागा केली. २०१९ मध्ये पेट्रियट्सनी ३३-० नं धुतलं होतं त्या सोमवारी त्याच्या अंगावर माइक होता आणि बेंचवर बसून तो म्हणाला की मला भुतं दिसतायत, अख्ख्या देशानं ते टीव्हीवर ऐकलं, आणि इथे वर्षभर लोक त्याच्यावर हसले. तोच डार्नल्ड २०२४ ला मिनेसोटात गेला तर १४ मॅच जिंकला आणि ३५ टचडाउन पास टाकले. मग सिएटल, आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये सुपर बोल जिंकला, पेट्रियट्सनाच हरवून, २९-१३. आता सांगा, जेट्सकडे क्वार्टरबॅक नव्हता का? होता. त्याच्या पुढे उभी राहणारी लाइन नव्हती, बॉल पकडणारे नव्हते, त्याला शांतपणे शिकवेल असा कोच नव्हता. जीनो स्मिथचं तेच, २०१३ ला दुसऱ्या फेरीत आपण घेतला, हाकलला, आणि सिएटलला जाऊन २०२२ मध्ये कमबॅक प्लेयर ऑफ द इयर झाला. नांगरट न केलेल्या रानात महागाचं बियाणं टाकायचं आणि उगवलं नाही की बियाण्याला दोष देऊन नवीन पोतं आणायचं, हे आपण किती वेळा करणार?

आपल्याकडे चांगलं उदाहरण नाही असंही नाही. २००६ चा ड्राफ्ट बघा. जेट्स ४-१२ खेळून आले होते, चार नंबरचा पिक हातात, मॅट लाइनर्ट आणि जे कटलर दोघेही क्वार्टरबॅक शिल्लक होते, गाव क्वार्टरबॅक मागत होता. टीमनं घेतला डी'ब्रिकशॉ फर्ग्युसन, लेफ्ट टॅकल. आणि त्याच फेरीत २९ नंबरला निक मॅन्गोल्ड, सेंटर, म्हणजे लाइनच्या मधोमध उभा राहून बॉल मागे देणारा. दोन्ही लाइनमन. त्याच वर्षी १०-६, प्लेऑफमध्ये. पुढे २००९ ला क्वार्टरबॅक मार्क सँचेझला वर चढून, म्हणजे दुसऱ्या टीमशी ट्रेड करून तिचा नंबर मिळवून, पाच नंबरला घेतला, आणि तो काही ग्रेट क्वार्टरबॅक नव्हता हे त्याचे आईवडील सोडून सगळे मान्य करतील, तरी पहिल्या दोन्ही वर्षी टीम एएफसीच्या, म्हणजे लीगच्या आपल्या अर्ध्या भागाच्या, फायनलपर्यंत गेली. कारण पुढे फर्ग्युसन-मॅन्गोल्ड होते, मागे कोच रेक्स रायनचा डिफेन्स होता, डॅरेल रेव्हिस एकटा मैदानाची एक बाजू बंद करायचा. मॅन्गोल्ड ऑक्टोबर २०२५ मध्ये वारला, फक्त ४१ वर्षांचा होता, किडनीच्या आजारानं. दाढीवाला, धिप्पाड, ज्याचं नाव टीव्हीवर फारसं कोणी घ्यायचं नाही कारण सेंटरचं नाव घेतात ते चुकल्यावरच. जेट्सच्या शेवटच्या चांगल्या वर्षांचा पाया कोण असं मला कोणी विचारलं तर मी सँचेझच्या आधी त्याचं नाव घेईन.

लाइनचं महत्त्व कळायला अजून एक स्नॅप, म्हणजे बॉल मागे दिला की सुरू होणारा एक डाव, बघा, तोही आपल्याच मैदानातला. ११ सप्टेंबर २०२३, मेटलाइफ स्टेडियम, एरन रॉजर्स हातात अमेरिकेचा झेंडा घेऊन धावत बाहेर आला होता, तेव्हा जो आवाज झाला तसा त्या स्टेडियममध्ये मी कधी ऐकला नव्हता. चौथ्या स्नॅपला लेफ्ट टॅकल डुएन ब्राउन, तोही ३८ वर्षांचा, बफेलोच्या लिओनार्ड फ्लॉइडला अडवू शकला नाही, फ्लॉइड थेट रॉजर्सवर आला, रॉजर्स खाली बसला, उठला, पुन्हा खाली बसला. टाचेमागची अकिलीस शीर तुटलेली. सीझन संपला. क्वार्टरबॅकसाठी एवढं सगळं दिलं आणि त्याच्या डाव्या बाजूला कोण उभा राहणार याचा विचार अर्धवट सोडला.

आता पत्रलेखकांनी दिलेली, पहिल्या नंबरला घेतलेल्या क्वार्टरबॅकची उदाहरणं. १९९८ मध्ये कोल्ट्सनी पेटन मॅनिंग घेतला, खरंय. पण त्याच ड्राफ्टमध्ये दोन नंबरला रायन लीफ गेला आणि तेव्हा दोघांत कोण भारी यावर खूप वाद होता, म्हणजे पहिला पिक मिळाला तरी योग्य पोरगा ओळखायचं काम उरतंच. अँड्र्यू लक, २०१२, कोल्ट्स आधीच्या वर्षी २-१४ होते. पहिली तीन वर्षं ११-५, ११-५, ११-५. आणि मग? खांदा गेला, २०१७ चं अख्खं वर्ष बाहेर, ऑगस्ट २०१९ ला २९ व्या वर्षी रिटायर. इतक्या वर्षांत त्याच्या पुढची लाइन वेळेवर नीट बांधली नाही, मार खाऊन खाऊन तो संपला. जो बरो, बेंगल्स, २०२०. पहिल्याच वर्षी गुडघा फाटला, दुसऱ्या वर्षी सुपर बोलला गेला, तिथे सात वेळा सॅक होऊन हरला, आणि आता २०२३ पासून सलग तीन वर्षं बेंगल्स प्लेऑफच्या बाहेर आहेत. बरोसारखा माणूस असून. क्लीव्हलंडचं तर सांगायलाच नको, २०१६ ला १-१५ आणि २०१७ ला ०-१६, दोन वर्षांत मिळून एक मॅच जिंकले, बेकर मेफिल्ड पहिला घेतला, त्यानं एक प्लेऑफ मॅच जिंकूनही दिली, मग त्याला सोडून डेशॉन वॉटसनसाठी पहिल्या फेरीचे तीन पिक्स आणि २३ कोटी डॉलर पूर्ण गॅरंटीचे, आणि २०२५ मध्ये परत ड्राफ्टमधून दोन क्वार्टरबॅक घेतले. एवढं हरून ते फिरून तिथेच आले.

एक उदाहरण मात्र माझ्या विरुद्ध जातं आणि ते लपवणार नाही. पेट्रियट्स. २०२३ ला ४-१३, २०२४ ला तीन नंबरला ड्रेक मे घेतला, दुसऱ्याच वर्षी १४-३ आणि सुपर बोलपर्यंत पोचले. मान्य. पण नीट बघा, पहिल्या वर्षी मे असतानाही ते पुन्हा ४-१३ होते. फरक कधी पडला? माइक व्रेबल कोच म्हणून आला, फ्री एजन्सीत, म्हणजे करार संपलेल्या प्लेयरांच्या बाजारात, पैसा ओतला, चार नंबरच्या पिकवर विल कॅम्पबेल हा टॅकल घेतला. म्हणजे पोरगा आणला आणि लगेच त्याच्याभोवती टीम उभी केली, पोरगा आला आता बघू असं म्हणून बसले नाहीत. शिवाय २०२३ ला बेलिचिकसारखा कोच काही मुद्दाम हरत नव्हता.

पैशाचं गणित पण बघायला हवं, कारण टँकिंगवाले नेहमी स्वस्त क्वार्टरबॅकचा मुद्दा काढतात. २०११ च्या करारापासून नवख्यांचे पगार ठरलेले आहेत. २०१० ला सॅम ब्रॅडफर्डला पहिला पिक म्हणून ६ वर्षांचे ७ कोटी ८० लाख डॉलर मिळाले, पुढच्याच वर्षी कॅम न्यूटनला ४ वर्षांचे २ कोटी २० लाख. तेव्हापासून पहिली चार-पाच वर्षं क्वार्टरबॅक स्वस्तात मिळतो आणि मग अचानक डॅक प्रेस्कॉटसारखा वर्षाला ६ कोटी मागतो. २०२५ ची सॅलरी कॅप, म्हणजे एका टीमनं पगारावर खर्च करायची मर्यादा, २७ कोटी ९२ लाख डॉलर होती, म्हणजे पाचातला एक रुपया एका माणसाला. बरोबर, स्वस्त वर्षांचा फायदा घ्यायला हवा. पण टीम पार रिकामी करून त्याला आणलात तर ती स्वस्त वर्षं खड्डे भरण्यातच जातात, टीम तयार होईपर्यंत त्याचं बिल आलेलं असतं. उलट सिएटलनं आधी डिफेन्स बांधला, २०१२ ला रसेल विल्सन ७५ नंबरला मिळाला, आणि दुसऱ्याच वर्षी सुपर बोल जिंकले, ४३-८, आणि तो सामना झाला आपल्याच मेटलाइफ स्टेडियममध्ये. आपल्या अंगणात येऊन त्यांनी दाखवून दिलं होतं.

चांगले क्वार्टरबॅक फक्त पहिल्या नंबरला मिळतात हाही गैरसमज आहे. टॉम ब्रेडी १९९ ला. रॉजर्स २४ ला, लमार जॅक्सन ३२ ला, जेलन हर्ट्स ५३ ला, ब्रॉक पर्डी तर २६२, ड्राफ्टचा शेवटचा पिक. मला माहितीये की ही यादी वाचून कोणी म्हणेल हे नशीब आहे, ब्रेडी रोज मिळत नाही, आणि ते खरंच आहे, पहिल्या दहातून मिळण्याची शक्यता जास्तच असते. पण मला जे दोन केस दाखवायचेत ते नशिबाचे नाहीत, हिशोबाचे आहेत.

पहिली केस कॅन्सस सिटी. २०१६ ला १२-४, अ‍ॅलेक्स स्मिथ चांगला चाललेला, आणि तरी २०१७ ला २७ वरून १० वर चढले, त्यासाठी आपला पिक, तिसऱ्या फेरीचा एक आणि पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक दिला आणि पॅट्रिक महोम्स घेतला. एक वर्ष जवळजवळ पूर्ण बेंचवर बसवला, स्मिथकडून शिकू दिला. त्याच ड्राफ्टमध्ये शिकागोनं दोन नंबरला मिचेल ट्रुबिस्की घेतला. तळाजवळ कोण होतं आणि हिरा कोणाला मिळाला?

दुसरी केस आपल्याच डिव्हिजनमधली, म्हणजे चार टीमच्या आपल्या गटातली, बफेलो, आणि ती जेट्सवाल्यांनी भिंतीवर लावावी अशी आहे. त्यांचाही दुष्काळ होता, १७ वर्षांचा. २०१७ ला नवीन कोच शॉन मॅकडरमट आला, टायरॉड टेलर क्वार्टरबॅक, कोणी काही अपेक्षा केली नव्हती, ९-७ खेळून प्लेऑफला गेले. तेव्हाही टँकिंगवाले म्हणत होते की हे कशाला, पिक खाली गेला. गेलाच होता, २१ वर. पण कॅन्सस सिटीला महोम्ससाठी तो १० नंबर बफेलोनंच दिला होता, त्या ट्रेडमधून त्यांनी जादा पिक्स साठवलेले होते. मग टॅकल कॉर्डी ग्लेन देऊन २१ वरून १२ वर गेले, दुसऱ्या फेरीचे दोन पिक्स देऊन १२ वरून ७ वर गेले आणि जॉश अ‍ॅलन घेतला. त्याच वर्षी आपण तीन नंबरला डार्नल्ड घेतला होता. तिकडे अ‍ॅलन अशा ड्रेसिंग रूममध्ये आला जिथे लोकांना जिंकायची सवय लागली होती, कोच पक्का होता, आणि पहिली दोन वर्षं तो चुकत असताना त्याला कोणी हाकललं नाही.

आता जेट्सची आजची स्थिती बघा. गार्डनर आणि विल्यम्सच्या बदल्यात मिळालेले धरून २०२६ मध्ये पहिल्या फेरीचे दोन पिक्स आणि २०२७ मध्ये तीन. पाच! हेच तर त्या पत्रात निसटलंय. गार्डनर विकला गेला, मला खूप वाईट वाटलं, पण विकला ना, किंमत वसूल झाली ना, मग आता तळाला जायची गरजच काय राहिली? २०२७ मध्ये खरंच तसा पोरगा आला, टेक्सासचा आर्च मॅनिंग येवो नाही तर दुसरा कोणी, तर तीन पिक्स घेऊन तुम्ही २० नंबरवरूनही वर चढू शकता, बफेलो चढलं तसं. आणि नाही आला, दुखापत झाली, कॉलेजात अजून एक वर्ष थांबला, जसे यंदा एकदोन जण थांबले, तर? ज्या पोरासाठी अख्खं वर्ष हरलात तो ड्राफ्टलाच नाही आला तर त्या १७ मॅचचं काय करायचं?

ह्यूस्टनचा किस्सा सांगतो, तो मला फार आवडतो. ८ जानेवारी २०२३, सीझनची शेवटची मॅच, कोल्ट्सविरुद्ध. टेक्सन्स हरले असते तर पहिला पिक त्यांचा. ५० सेकंद उरलेले, चौथ्या डाउनला २० यार्ड हवेत, म्हणजे मॅच गेल्यातच जमा, आणि डेव्हिस मिल्सनं पास टाकला, जॉर्डन एकिन्सनं पकडला, टचडाउन. मग कोच लव्ही स्मिथनं बरोबरीच्या एका पॉइंटऐवजी दोन पॉइंटसाठी जायचं ठरवलं, तेही झालं, ३२-३१. पहिला पिक शिकागोला गेला. लव्ही स्मिथची नोकरी त्याच रात्री गेली. आणि शिकागोकडून तो पिक कॅरोलिनानं डीजे मूर आणि चार पिक्स देऊन घेतला, ब्राइस यंग निवडला, २-१५ खेळले, म्हणजे पुढच्या वर्षीचा पहिला पिकही त्यांच्याकडून शिकागोलाच गेला. टेक्सन्सना दोन नंबरला सी. जे. स्ट्राउड मिळाला, पहिल्याच वर्षी १०-७ आणि डिव्हिजन जिंकली. त्या मैदानावरच्या लोकांना जिंकायचं होतं म्हणून ते जिंकले, त्यात कोणाचं काही बिघडलं नाही, नोकरी गेली त्या एका माणसाचं सोडून.

खेळाडू मुद्दाम हरत नाहीत हे लक्षात ठेवा. त्यांचं करिअर तीनचार वर्षांचं, बहुतेकांचे करार पूर्ण गॅरंटीचे नसतात, आजची खराब फिल्म म्हणजे उद्या घरी. पुढच्या एप्रिलात येणारा क्वार्टरबॅक त्यांच्यातल्या अर्ध्यांना भेटणारही नाही. हरवतं ते मॅनेजमेंट, आणि किंमत मोजतात तिकिटं काढणारे. २०१० ला हे स्टेडियम उघडलं तेव्हा खालच्या भागात सीट घ्यायचा नुसता हक्क विकत घ्यायला लोकांनी हजारो डॉलर मोजलेत, तिकीट वेगळं. डिसेंबरच्या थंडीत रविवारी दुपारी एकच्या मॅचला पोराला घेऊन जाणाऱ्या बापाला तुम्ही काय सांगणार, की बाळा आज आपण हरलो तर बरं? माझी मुलगी इथेच वाढली, तिला क्रिकेट फारसं कळत नाही पण डिफेन्सची रचना बघून कव्हर टू कोणतं आणि मॅन कव्हरेज कोणतं हे ती स्नॅपच्या आधी सांगते. तिच्या आयुष्यात तिनं जेट्सची प्लेऑफ मॅच कळत्या वयात बघितलेली नाही. तिला मी २०२७ पर्यंत थांब असं सांगणार नाही.

मग करायचं काय? एप्रिल २०२६ मध्ये पिट्सबर्गला ड्राफ्ट आहे, दोन नंबरचा पिक आपला. हाइजमन, म्हणजे कॉलेज फुटबॉलचा सगळ्यात मोठा पुरस्कार, जिंकलेला इंडियानाचा क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा पहिल्या नंबरला रेडर्सकडे जाईल असं सगळे धरून चाललेत, त्याच्यानंतर त्या उंचीचा क्वार्टरबॅक दिसत नाही, तर ओढूनताणून घेऊ नका. दोन नंबरला डिफेन्समधला सगळ्यात चांगला माणूस घ्या, जो क्वार्टरबॅकवर तुटून पडेल, कारण विल्यम्स गेल्यापासून आत काही उरलेलं नाही. लाइनवर ओलू फशानू आणि आर्मंड मेंबू हे दोन तरुण टॅकल आहेत, दोघंही पहिल्या फेरीतले, त्यांना हात लावू नका, मधल्या तीन जागा भक्कम करा. गॅरेट विल्सनसारखा रिसीव्हर विकायची भाषा बंद करा, उद्या जो पोरगा येईल तो बॉल कोणाला टाकणार? एक जाणता, स्वस्त, चुका न करणारा क्वार्टरबॅक एका वर्षासाठी आणा. कोच एरन ग्लेन स्वतः जेट्ससाठी खेळलेला माणूस आहे, पहिलं वर्ष त्याचं वाईट गेलं, त्याच्यावर मलाही शंका आहेत, पण त्याला जिंकायला सांगा, ८-९ झालं तरी चालेल, ९-८ झालं तर उत्तम. आणि २०२७ चे तिन्ही पिक्स जपून ठेवा, यंदाच्या घाईत त्यातला एकही खर्च करू नका.

रीबिल्डला माझा विरोध नाही, नोव्हेंबरात तो सुरू झालेलाच आहे. फक्त पुढचा सीझन सप्टेंबरात सुरू होईल तेव्हा मैदानात उतरणाऱ्या ११ जणांना आणि वर स्टँडमध्ये बसलेल्यांना दोघांनाही एकच गोष्ट हवी असू दे. त्या पत्रलेखकांचा पत्ता असेल तर माझं हे पत्र त्यांना पाठवा, आणि ते एडिसनच्या आसपास राहत असतील तर पहिल्या होम मॅचला माझ्याकडे एक जादा तिकीट आहे.

आपला नम्र,
जेट्सचा एक मराठी चाहता,
एडिसन, न्यू जर्सी